ओलिताचा स्वेटर

विणकामाच्या पुस्तकातला पुरुष कधी वाकत नाही. एक हात खिशात घालून तो ताठ उभा असतो, मागे बर्फाचे डोंगर असतात आणि स्वेटरला एक सुरकुती नसते. आमच्या घरचा पुरुष डिसेंबरातल्या रात्री फावडं घेऊन गव्हाच्या साऱ्यात पाणी वळवत असतो. दांड फुटला की चिखलात उतरतो, हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप खांद्यावर घेऊन इकडचे तिकडं करतो आणि तांबडं फुटायच्या आधी धुऱ्यावर काडीकचरा पेटवून शेकत बसतो. एवढं सगळं ज्या स्वेटरात करता येईल त्याचा नमुना कोणी छापलेला नाही. म्हणून यंदा पुस्तक कपाटातच राहू दिलं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या अलीकडं. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातलं ऊनच आठवतं. पुण्याची भाची मला विचारते, "मामी, तुमच्याकडं स्वेटर घालतं कोण?" तिला म्हटलं, बाई, २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आणि तो वेधशाळेतला पारा. ओल्या वावरात पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाची थंडी त्यात मोजलेली नसते.

शेतीपंपाची थ्री फेज लाइन आमच्याकडं काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की रात्रीच ओलीत. पुढं ढकलू म्हटलं तर गहू थांबत नाही. पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास मुकुटमुळं फुटतात, ते पाणी चुकलं की फुटवे कमी आणि मग उतारा कमी. ज्यांच्याकडं सोलर पंप बसला त्यांचं रात्रीचं जागणं सुटलं. आमचा अजून बसायचा आहे.

आतापर्यंत यांचं काम बाजारातल्या जाकिटावर आणि त्याच्या आत मी विणलेल्या अॅक्रिलिकच्या हाफ स्वेटरवर निभायचं. मागच्या हिवाळ्यात शेकोटीची ठिणगी उडाली आणि जाकीट, स्वेटर, दोन्हींना आरपार भोक पडलं. भोकाच्या कडा कडक झालेल्या, हाताला टोचणाऱ्या. नशीब आत बनियन होती. अॅक्रिलिक पेट घेतं तेव्हा वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेटत नाही, ठिणगी पडली तर तेवढंच जळून विझते. शिवाय आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल ती पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. रात्रीच्या ओलिताला दुसरं काय पाहिजे?

पण आर्वीच्या दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक लुधियानाकडून आलेलं अॅक्रिलिक. मी त्याला नावं ठेवत नाही. रंग टिकतात, धुवायला सोपं, कसर लागत नाही. घरात कोणाचं बाळंतपण निघालं की बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे, कुंची मी त्याचीच विणते, कारण बाळाचे कपडे दिवसातून दोनदा धुवावे लागतात आणि ती धुणाऱ्या बाळंतिणीच्या आईला लोकरीचे नखरे परवडत नाहीत. फक्त शेकोटीजवळ बसणाऱ्याच्या अंगावर ते मला नको होतं.

खरी लोकर आमच्या घरातच होती. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कथ्थ्या रंगाचा पूर्ण बाहीचा स्वेटर आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पत्र्याच्या पेटीत होता. आत्याबाईंच्या मोठ्या बहिणीनं तो नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये विणलेला. मामाजी जाऊन बरीच वर्षं झाली. दर दसऱ्याला स्वेटर उन्हात पडायचा, कडुनिंबाचा पाला बदलला जायचा आणि परत पेटी बंद. तरी काखेत कसरीनं भोकं पाडलीच होती आणि कोपरं तर जाळीदार झाली होती.

"उसवू का?" हे विचारायला जीभ रेटेना. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उसव ना माय. पेटीत ठेवून कसरीले जेवू घालाचं का?" सूप दोनदा झटकलं आणि मग म्हणाल्या, "बटनं मले दे."

आधी परीक्षा. बाहीच्या शिवणीतून बोटभर धागा काढून काडी लावली. केस जळल्याचा वास आला, धागा लगेच विझला आणि टोकाची काळी राख चिमटीत भुगा झाली. लोकरच. अॅक्रिलिक असतं तर टोकाला टणक मणी झाला असता आणि प्लॅस्टिकचा धूर नाकात गेला असता. सुताचा वास कागद जळल्यासारखा येतो आणि ते भडभडून जळतं.

दुसरी परीक्षा शिवणीची. उसवण्यासाठी स्वेटर घेताना रंगाआधी आतली शिवण बघावी. नागपूरला हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे ठेले लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे, आमच्याकडच्या दोन पिढ्या त्यांच्याकडून गरम कपडे घेत आल्या. घालायला ते उत्तम. पण मशीनवरचे बरेच स्वेटर आधी कापड विणून, मग कापून, कडेला ओव्हरलॉक मारून शिवलेले असतात. ते उसवायला गेलं की दर ओळीला धागा तुटतो आणि हातात नुसते वीतभर तुकडे येतात. हातानं विणलेल्याची प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला जोडलेली असते. शिवणीचा धागा तेवढा कापायचा, आणि उसवायचं ते वरून, टाके बंद केलेल्या टोकाकडून. खालून, टाके घातलेल्या कडेनं, कितीही ओढा, सुटणार नाही.

दुपारी जेवणं झाली की ओसरीवर बसायचं. मी ओढायची आणि आत्याबाई पालथ्या खुर्चीच्या पायांभोवती गुंडाळायच्या. इतकी वर्षं एका आकारात बसलेली लोकर सुटली तरी सरळ होत नाही, सरगुंड्यांसारखी वेटोळी वेटोळीच राहते. कोपराजवळचा झिजलेला धागा सारखा तुटायचा. मी गाठ मारायला लागले की आत्याबाई हातातून टोकं ओढून घ्यायच्या. दोन्ही टोकांचे पदर विंचरून मोकळे करायचे, एकमेकांवर ठेवायचे, थुंकी लावायची आणि तळहातांमध्ये खसाखसा चोळायचं. उष्णता, ओल आणि घासणं मिळालं की लोकरीचे केस एकमेकांत अडकतात आणि धागा सलग होतो, बोटाला जोड लागतसुद्धा नाही. बहिणीचं बघून शिकल्या होत्या. अॅक्रिलिकवर हे करून पाहा, नुसती थुंकी वाया जाईल.

लडीला चार जागी सैल बांधून रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलं. चोळायचं नाही, पिळायचं नाही, गरम पाण्यातून एकदम थंडात टाकायचं नाही. जे केल्यानं जोड बसतो तेच सगळ्या लडीला झालं तर तिचा नमदा होईल, सगळे धागे एकमेकांत अडकून एकच घट्ट गोळा. मग टॉवेलात दाबून पाणी काढलं, सावलीत दोरीवर टांगली आणि खाली रिकामा पितळी गडवा अडकवला, तेवढ्या ओढीनं वळणं उलगडतात. आमच्या मुलीनं वर्ध्याहून व्हिडिओ कॉल केला होता, तिनं विचारलं, "आई, गडवा काहून लटकवला?" तिला आजीनं समजावून सांगितलं, ते समजावणं बरंच चाललं.

किराणा दुकानातल्या काट्यावर गुंडे ठेवले, ४०० ग्रॅमच्या जरासे वर भरले. पूर्ण बाहीच्या पुरुषी स्वेटरला या जाडीची लोकर साडेपाचशे-सहाशे ग्रॅम तरी लागते. एवढ्यात मामाजींसारखाच स्वेटर परत होणार नव्हता, आणि तसा मला करायचाही नव्हता.

माप घेताना यांना मी अंगणात फावडं देऊन वाकवलं. शेजारची पोरं हसत होती. ताठ उभ्या माणसाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत जेवढी भरते त्याहून वाकल्यावर ती दोन इंचांनी वाढते, आणि तेवढीच कंबर उघडी पडते. "वाकलं का थंडी तेथूनच घुसते," हे म्हणाले. आता सगळीकडून दोन इंच लांब विणलं तर पुढचा घेर उकिडवं बसताना पोटात गोळा होतो. वाढ फक्त मागं, तीही मधोमध हवी.

त्याचं उत्तर बाळाच्या मोज्यात सापडलं. मोज्याची टाच वळवताना आपण ओळ पूर्ण विणतच नाही. थोडे टाके बाकी ठेवून उलटं फिरतो, पलीकडंही तेवढेच बाकी ठेवून परततो, त्यामुळं मधल्या भागाला ओळी जास्त मिळतात आणि तो फुगतो. तेच पाठीवर केलं.

हिशेब असा. ९ नंबरच्या सुयांवर नमुन्याचा तुकडा विणला तेव्हा ४ इंचांत २२ टाके बसले, म्हणजे इंचाला साडेपाच. नवीन शिकणाऱ्या बायका इथं गोंधळतात, आपल्याकडं सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर ४ मिलीमीटरची, १० नंबर सव्वातीनची. यांची छाती ३८, हात फिरायला ४ इंच मोकळीक, एकूण ४२. पाठीला २१ इंच, म्हणजे ११६ टाके, आणि दोन सुलट दोन उलटची पट्टी दोन्ही कडांना बरोबर जुळावी म्हणून ११८. पट्टी ११ नंबरवर, घट्ट. पट्टी संपल्यावर चार बोटं सरळ विणलं आणि मग अर्ध्या ओळी सुरू केल्या, दर फेरीला दोन्ही टोकांना आणखी सहा-सहा टाके सोडत, शेवटी मधे २२ उरेपर्यंत. जिथून फिरायचं तिथल्या टाक्याला धाग्याचा एक वेढा द्यायचा, नाहीतर त्या जागी छिद्र राहतं. सुईवर असताना हा भाग भलताच बेढब दिसतो. आत्याबाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "कुबड काढून राहिली का त्याले?"

हे सगळं कापसाच्या दिवसांत. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झालेली, सकाळपासून वावरात आणि संध्याकाळी विणकाम. वेचणीनं बोटांची काय गत होते ते वेचणाऱ्या बाईलाच माहीत. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी नाही, खरोखर सुईपेक्षा वाईट असतात. नखाच्या मुळाशी कातडी सोलून निघते, चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत लोकरीचा एकेक केस अडकून बसतो. ओढला की झिणझिणी थेट कोपरापर्यंत. जवसाचं तेल चोळून, वर ज्वारीचं पीठ लावून बोटं कोरडी करायची आणि मग सुया धरायच्या. आमच्या वावरात एवढा कापूस, मग सुताचाच स्वेटर का नाही विणत, असं भाचीनं विचारलं होतं. सूत ताणलं की ताणलेलंच राहतं, भिजलं की जड होतं आणि भिजलेलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं. उन्हाळी टॉप विणायचा तर सूत चांगलं, तिला तो विणून देईन.

बाह्यांचा प्रश्न तुटपुंज्या लोकरीनं निम्मा सोडवला. पाइप बदलताना मनगट सगळ्यात आधी भिजतं, पूर्ण बाही असली की ओल वर चढत जाते. म्हणून बाही कोपराखाली चार बोटांवर थांबवली. मनगटासाठी वेगळ्या पट्ट्या विणल्या, दोन जोड, एक हातात आणि एक कोरडा बाजूला. बगल नेहमीपेक्षा इंचभर खोल घेतली, कारण खांद्यावर पाइप घेताना हात वर जातो आणि बगल उथळ असली की अख्खा स्वेटर वर सरकतो. उजव्या खांद्यावर पाइप टेकतो तेवढ्या जागी सगळ्या ओळी सुलट विणल्या, वीण जाड होते आणि घासणं सोसते.

गळ्याचं यांनी स्वतः ठरवलं. डोक्याला दुपट्टा बांधलेला असतो, त्यावर कपाळाची बॅटरी. डोक्यातून काढायचा स्वेटर असला की आधी हे सगळं सोडायचं. म्हणून पुढून उघडा. चेन लावू का म्हटलं तर, "चिखल गेला का चेन बसली. बटन लाव, मोठी लाव, बोटं गार पडली का बारकी बटनं सापडत नाही." कोटाची मोठी बटणं आर्वीहून आणली आणि काजं त्या मापानं आडवी ठेवली.

खरा वाद खिशावरून झाला.

"खिसा तं पायजेच."

"काहून?"

"मोबाइल कुठी ठेवू मंग?"

मोबाइल हे निमित्त. आमच्याकडं ज्याला आतल्या बाजूचा खिसा लागतो त्याला खर्र्याची पन्नी ठेवायला लागतो, हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून रात्रभर चघळायचं आणि म्हणायचं झोप येत नाही त्यानं. मी खिसा विणला, पण छातीवर, बाहेरून, मोबाइलच्या मापाचा आणि इतका अरुंद की दोन बोटांवर तिसरं जात नाही. पन्नी आता पॅन्टच्या खिशात असते. मला काय दिसत नाही होय!

शेवटी पाठीच्या वरच्या भागाला कथ्थी लोकर पुरेना. तिथं उरलेल्या पिवळ्या अॅक्रिलिकचा हातभर रुंद पट्टा टाकला. शेकताना शेकोटी समोर असते, पाठीवर ठिणगी सहसा येत नाही, म्हणून तिथं चालतं. दुसरं कारण मुलीनं सुचवलं. बोर व्याघ्र प्रकल्प आमच्यापासून फार दूर नाही, रात्री दोघांनी जोडीनंच जावं लागतं आणि अंधारात वाकलेला माणूस बॅटरीच्या उजेडात माणूस म्हणून चटकन ओळखू यावा. कथ्थी रंग रात्री मातीत मिसळून जातो. पिवळा लांबून कळतो.

रात्रीची पाळी आली त्याच्या आदल्या संध्याकाळी बटणं लावून झाली. हे घालून गेले, उजाडल्यावर आले, चहा घेतला आणि झोपले. उठल्यावर मी विचारलं कसा आहे, तर म्हणाले, "बरा हाय." आमच्या घरात याच्या पुढचं कौतुक नसतं. कंबर? "नाही उघडी पडली." मनगटपट्ट्यांचा दुसरा जोड मात्र कोरडाच परत आला, तो बदलायला हात मोकळा कधी सापडतो?

बाभळीच्या काट्यानं बाहीला एक टाका लांब ओढला गेला होता. असा टाका कधी कापू नये. क्रोशाच्या सुईनं मागच्या बाजूला ओढून घेतला आणि शेजारच्या टाक्यांत थोडा थोडा वाटून टाकला. रिठ्यात धुऊन स्वेटर आडवा खाटेवर वाळवला. दोरीवर टांगला असता तर यांच्या गुडघ्यापर्यंत गेला असता.

पिवळ्या पट्ट्यामुळं गावात तो सगळ्यांना दिसला. वर्गातल्या मुलांसाठी टोप्या विणून द्याल का, असं अंगणवाडीच्या ताई विचारून गेल्या. मग शेजारचे काका आले. "वहिनी, माह्यासाठी बी एक असाच इनून द्या ना."

त्यांना असाच चालणार नाही. ते ओलिताला जात नाहीत, जागलीला जातात. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं शिरतात म्हणून रात्रभर मचाणावर बसून राहतात, वाकणं नाही की भिजणं नाही. त्यांना बाही पूर्ण हवी, गळा उंच हवा आणि पाठीला कुबड नको. खरं म्हणजे त्यांना स्वेटरापेक्षा गुडघ्यांच्या पट्ट्यांची जास्त गरज आहे, तिथूनच सुरुवात करते म्हटलं. घरी जुना लोकरीचा स्वेटर आहे का ते काकू बघून ठेवणार आहेत, शिवण कशी बघायची ते सांगितलंय.

मजुरीचं मात्र अडलं. वेचणीचा भाव किलोवर ठरतो, विणकामाचे टाके कोणी मोजत नाही. एकट्या पाठीचेच वीस हजारांच्या वर जातात, मी काकूंना हिशेब करून दाखवला. त्या म्हणाल्या, "पैशाचं काय घेऊन बसली वं, तुरीचे सोले ने ना पायलीभर." आता या दिवसांत सोले कोणाच्या घरी नाहीत? मी रोख मागितले आहेत.